मधल्या वयाची कहाणी

मराठीत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा नाकावरच्या चष्म्याचा. चाळिसाव्या वर्षाच्या आगेमागे जवळचे अक्षर पुसट दिसू लागते, भिंगे लावावी लागतात आणि त्या भिंगांनाच वयाचे नाव मिळते. आमच्यापैकी बहुतेकांना ही चाळिशी लागून बरीच वर्षे झाली. मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे वर्गात शिकवायला लागूनही जवळपास तितकीच झाली असतील. तरीही या पुस्तकांतली एक साधी गोष्ट आम्हाला त्या भिंगांतूनही दिसली नव्हती. ती एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे दिसली. आम्ही नेहमीप्रमाणे स्त्रीशिक्षण, केशवपन, पुनर्विवाह हे मुद्दे फळ्यावर मांडत होतो. तिने विचारले, "पण हे लिहिले तेव्हा यांचे वय काय होते?"

आम्ही सनावळ्या काढल्या आणि वजाबाक्या केल्या. रमाबाई रानडे यांचे पुस्तक १९१० सालचे, म्हणजे त्यांच्या वयाच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचे. पार्वतीबाई आठवले यांचे १९२८ चे, वय अठ्ठावन्न. आनंदीबाई कर्वे यांचे १९४४ चे, वय ऐंशीच्या घरात. आत्मचरित्र लिहायला आधी आयुष्य जगून व्हावे लागते, त्यामुळे यात नवल नाही, असे कोणी म्हणेल. परंतु या लेखिका कोणत्या वयात लिहीत होत्या आणि कोणत्या वयाविषयी लिहीत होत्या, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बालपण, लग्न, वैधव्य, शिक्षण यांविषयी त्या भरभरून बोलतात. चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्याच देहाविषयी आणि मनाविषयी त्या काय बोलतात, हे वाचायची सवय आम्हाला लागलेली नव्हती. अभ्यासक्रमाच्या शीर्षकांत त्याला जागा नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, ज्या समाजात ही पुस्तके जन्मली, त्या समाजातही त्याला जागा नव्हती.

पुरुषाच्या आयुष्याला परंपरेने वयाचे टप्पे आखून दिलेले होते. गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ, साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, पुढे सहस्रचंद्रदर्शन. इंग्रजी अमलात नोकरी आली तशी निवृत्तीही आली. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, १९१५ साली त्यांनी 'आत्मवृत्त' प्रसिद्ध केले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. एक पर्व संपले, त्याचा आढावा घेतला, दुसरे सुरू केले, असा हा स्वच्छ क्रम आहे. स्त्रीचे टप्पे मात्र वयाचे नव्हते, नवऱ्याच्या असण्या-नसण्याचे होते. पत्राच्या मायन्यात ती 'चिरंजीव'ची 'सौभाग्यवती' होई आणि 'सौभाग्यवती'ची 'गंगाभागीरथी'. विशीतली विधवा आणि साठीतली विधवा यांचा मायना एकच. अशा व्यवस्थेत मधले वय हे वय म्हणून दिसणार तरी कसे?

आणखी एक गोष्ट भाषेची. आज ज्याला स्वतःची काळजी घेणे म्हणतात, त्यासाठी मराठीत 'जपणे' हे सुंदर क्रियापद आहे. पण ते बहुतेक वेळा दुसऱ्याकडे वळलेले असते. आई मुलाला जपते, सून सासूला जपते, निरोप देताना आपण समोरच्याला 'जीव सांभाळा' म्हणतो. स्वतःला जपणारी बाई म्हटले, की मात्र कामचुकारपणाची छटा त्या शब्दाला चिकटते. कृतज्ञतेचे उलटे आहे. तिच्यासाठी शब्दांची रेलचेल आहे: उपकार, ऋण, उतराई, पांग फेडणे. शास्त्राने पुरुषाला तीन ऋणे सांगितली. स्त्रीच्या वाट्याला आलेल्या ऋणांची मोजणीच कोणी केली नाही. म्हणजे कृतज्ञतेला भाषेत मोकळे रान आणि स्वतःला जपण्याला संशय, अशी ही विषम मांडणी. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते या विषमतेविषयीच आहे. त्यासाठी आम्ही प्रामुख्याने एकाच घरातली पुस्तके निवडली आहेत. पार्वतीबाई आठवले, त्यांची सख्खी बहीण आनंदीबाई कर्वे, आनंदीबाईंची सून इरावती कर्वे आणि इरावतीबाईंची कन्या गौरी देशपांडे. तीन पिढ्यांतील या चार लेखिकांच्या हातून सुमारे सत्तर वर्षांत मराठी स्त्रीचे मधले वय हळूहळू कागदावर उतरले.

त्याआधी काळाची जाणीव ठेवायला हवी. १९०१ ते १९११ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे तेवीस वर्षे होते. याचा अर्थ लोक तेविसाव्या वर्षी मरत असा नाही. अर्भके व बालके इतक्या मोठ्या संख्येने दगावत की सरासरी खाली येई. पण तारुण्यही सुरक्षित नव्हते. १८९६-९७ पासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपण. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली तरुण वयातच वारल्या. अशा काळात चाळिशी गाठलेल्या स्त्रीच्या मनात आपण उरलो याची जाणीव असणे स्वाभाविक होते. कृतज्ञतेचे मूळ तिथे असू शकते. प्रश्न एवढाच की, ती कोणाविषयी आणि कोणत्या बोलीत व्यक्त करायची मुभा होती.

रमाबाई रानडे कर्वे घरातल्या नव्हेत, पण तुलनेसाठी त्यांच्यापासून सुरुवात करणे इष्ट आहे. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. त्यातला 'आमच्या' हा शब्द पतिपत्नींचा आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले आणि पुस्तकही तिथेच थांबते. त्या वेळी रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढची तेवीस वर्षे त्या जगल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले, त्यातून परिचारिका व शिक्षिका घडल्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या चळवळीत उतरल्या. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे सगळे मधले वय पुस्तकाच्या बाहेर राहिले. पुस्तक लिहिताना त्या त्याच वयात होत्या, हे लक्षात घेतले की या गाळलेल्या जागेचे महत्त्व कळते. पुस्तकातली कृतज्ञता खरी आहे, उत्कट आहे. अकराव्या वर्षी घरात आलेल्या मुलीला अक्षर शिकवणाऱ्या पुरुषाविषयी ती आहे. परंतु तिची दिशा एकच आहे. ज्या हाताने लेखणी धरली, त्या हाताविषयी लेखणी काही बोलत नाही.

पार्वतीबाई आठवले यांच्या पुस्तकाचे नाव 'माझी कहाणी'. 'आमच्या' पासून 'माझी' पर्यंतचा प्रवास अठरा वर्षांचा आहे. 'कहाणी' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कर्व्यांनी 'आत्मवृत्त' लिहिले, तो संस्कृत वळणाचा, पुरुषांच्या गद्याचा शब्द. कहाणी ही व्रताच्या दिवशी बायकांनी बायकांना सांगायची गोष्ट. तिच्या शेवटी फळ सांगितलेले असते. पार्वतीबाईंनी आपल्या आयुष्यासाठी हा घरगुती घाट निवडला.

त्यांचा जन्म १८७० साली कोकणात देवरुखच्या जोशी कुटुंबात झाला. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर पुण्याला बहिणीकडे येऊन त्यांनी शिक्षणाला हात घातला आणि पुढे हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाचे काम अंगावर घेतले. आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणे हा त्या कामाचा मोठा भाग. या सगळ्या काळात त्यांचा वेश परंपरागत विधवेचा होता, डोक्यावर केस नव्हते. १९१२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन थांबवले.

आम्ही हा प्रसंग वर्षानुवर्षे 'सुधारणा' या शीर्षकाखाली शिकवत आलो. तो तसा आहेच. पण वयाचा प्रश्न विचारल्यावर तो निराळा दिसू लागला. ज्या वयात इतर बायका पहिले पांढरे केस मोजतात, त्या वयात या बाईने केस वाढू दिले. फणी, तेल, विंचरण्यासाठी लागणारी रोजची चार मिनिटे, या सगळ्या गोष्टी बावीस वर्षांनी तिच्या दिनक्रमात परत आल्या असणार. स्वतःला जपणे म्हणजे काय, याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण. ते घडले मात्र भरलोकांत. सनातनी घरांत वर्गणीसाठी वावरताना मुंडित मस्तक ही एक प्रकारची ओळखपत्रिकाच होती, असे म्हणता येईल. ती टाकून देण्यात आश्रमाच्या कामाचेही नुकसान संभवत होते. म्हणून हा निर्णय खासगी राहूच शकत नव्हता, त्याचे समर्थन चारचौघांत करावे लागणार होते. आपल्या डोक्यावर आपले केस असावेत, एवढ्या गोष्टीसाठी युक्तिवाद करावा लागणे, यातच त्या काळातल्या मधल्या वयाचा इतिहास आला.

१९१८ साली त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीस. जवळ फारसा पैसा नाही, भाषा येत नाही, उपजीविकेसाठी परक्या घरांत घरकाम. १९२० साली त्या परतल्या. या प्रवासाचा हेतूही त्या आश्रमाच्या कामाशी जोडतात. इंग्रजी आली तर विधवांच्या शिक्षणासाठी अधिक काही करता येईल, ही भूमिका खोटी नव्हती. तरीही आम्हाला असे वाटते की, पन्नाशीला टेकलेल्या स्त्रीला 'मला शिकावेसे वाटते' एवढेच म्हणायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक इच्छेला सेवेचे वस्त्र पांघरावे लागले. स्वतःला जपणे पार्वतीबाईंना शक्य झाले, पण ते संस्थेच्या परवान्यावर.

त्यांच्या भगिनी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. पुन्हा 'माझे', आणि पुन्हा घरगुती शब्द. 'पुराण लावणे' म्हणजे लांबण लावणे, हा त्यातला विनोद आहे. पुराण हा धर्मग्रंथही असतो, हा त्यातला अभिमान. मूळच्या गोदूबाई जोशी, बालपणी विधवा झालेल्या, १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडच्या समाजाने बहिष्काराचे शस्त्र उपसले. इतका भाग सर्वांना ठाऊक असतो. कमी बोलले जाते ते नंतरच्या काळाविषयी. नवरा संस्थेला वाहिलेला, साठवलेली पुंजी संस्थेकडे वळवलेली, आणि घर मात्र आनंदीबाईंनी चालवायचे. थोर माणसाच्या घरातली ही ओढाताण त्या पुस्तकात लपवीत नाहीत. तक्रार आहे, आणि तक्रारीच्या शेजारीच नवऱ्याविषयी आदरही आहे. त्या स्वतः उतारवयात संस्थेसाठी पैसा जमवीत राहिल्या. कृतज्ञता म्हणजे तक्रार न करणे, ही समजूत या पुस्तकाने खोटी ठरवली. रमाबाईंच्या पुस्तकात कृतज्ञता आणि हिशेब एका पानावर बसू शकत नव्हते. आनंदीबाईंनी ते शेजारी शेजारी बसवले. ऐंशीच्या घरातले वय त्यांना इथे उपयोगी पडले असावे. आता कोणाची मर्जी राखायची उरलेली नाही, अशी एक मोकळीक त्या गद्यात जाणवते.

याच घरात, दोन्ही पुस्तकांच्या मध्ये, आणखी एक गोष्ट घडत होती. आनंदीबाईंचे सावत्र पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. ते १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. मधल्या वयाच्या इतिहासात या मासिकाला मोठे स्थान द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक स्त्रियांची बाळंतपणे चाळिशीपर्यंत चालू राहत. शेवटचे मूल हातावेगळे होईतो पहिली नातवंडे आलेली असत. आई आणि आजी या दोन भूमिकांमध्ये श्वास घ्यायला अंतर नव्हते. किती मुले व्हावीत आणि कधी व्हावीत, हे ठरवता आले, तरच त्या दोहोंच्या मध्ये स्त्रीचे स्वतःचे असे वय निर्माण होते. रघुनाथरावांनी त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या रोखठोक गद्याने मराठीत आणखी एक काम केले. देहाविषयी बोलताना मान खाली घालायची गरज नाही, असा एक सूर त्यांनी भाषेत आणला. पार्वतीबाई व आनंदीबाई यांना देहाविषयी जे सूचकपणे म्हणावे लागले, ते पुढच्या पिढीला सरळ म्हणता येण्यामागे या सुराचा वाटा आहे.

ती पुढची पिढी म्हणजे इरावतीबाई. जन्म १९०५, शिक्षण पुणे, मुंबई व बर्लिन, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन. 'परिपूर्ती' हा लेखसंग्रह १९४९ सालचा, वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस. त्यातला त्याच नावाचा लेख बहुतेक वाचकांना आठवत असेल. एका समारंभात लेखिकेचा परिचय करून दिला जातो: अमक्यांची कन्या, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. तिला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहते. मग रस्त्याने जाताना शाळकरी मुलांच्या घोळक्यातून कोणीतरी ती वर्गातल्या एका मुलाची आई असल्याचे दुसऱ्याला सांगतो, आणि परिचय पूर्ण होतो.

या लेखावर आमच्यात दर वर्षी वाद होतो. एका बाजूचे म्हणणे असे की, एवढी मोठी विदुषी अखेर 'कोणाची तरी' होण्यातच धन्यता मानते, हा पराभव आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, सगळा लेख उपरोधाचा आहे. आम्हाला आता वाटते की, दोन्ही वाचनांत लेखिकेचे वय विसरले जाते. वडील, सासरे, नवरा यांच्या नावाने ओळखले जाणे हे तरुणपणाचे दान आहे, ते तिला न विचारता मिळालेले आहे. मुलाच्या नावाने, तेही मुलांच्याच तोंडून, ओळखले जाणे हे मधल्या वयाचे आहे. आणि ते ऐकून होणारा आनंद ती स्वतः नोंदवते, त्याला हसते, तरीही तो नाकारत नाही. इथे कृतज्ञता प्रथमच ऋणाच्या भाषेतून सुटते. कोणाचे उपकार झाले म्हणून ती आलेली नाही. संध्याकाळच्या रस्त्यावर अवचित भेटलेल्या एका वाक्याने ती आलेली आहे. तिची परतफेड करायची नसते, ती उपभोगायची असते.

याच लेखिकेने सासऱ्यांवरही लिहिले आहे. त्यांच्या थोरवीविषयी तिला शंका नाही. पण आपण त्यांची सून आहोत हे भाग्य आणि पत्नी नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा आशयाच्या निष्कर्षाशी ती येते. सासूच्या पुराणातली तक्रार सुनेने नेमकी ऐकली होती, याची ही साक्ष. आणि 'वाटचाल' या लेखात हीच बाई वारकऱ्यांसोबत पंढरीची वाट चालताना दिसते. मानववंशशास्त्रज्ञाची नजर तिच्याजवळ आहे, पण पायही आहेत. प्राध्यापिकेने चाळिशीनंतर दिंडीत चालावे यासाठी तिला आश्रमाचा किंवा सेवेचा परवाना लागलेला नाही. पार्वतीबाईंच्या मावशीपणाचा वारसा सांगणाऱ्या या घरात, एका पिढीत पडलेला हा फरक आहे.

गौरी देशपांडे यांचा जन्म १९४२ चा. त्यांचा 'एकेक पान गळावया' हा तीन दीर्घकथांचा संग्रह १९८० साली आला. शीर्षक मर्ढेकरांच्या 'शिशिरागम'मधल्या कवितेची आठवण देणारे, म्हणजे पानगळीचे. संग्रहातल्या आणखी एका कथेचे नाव 'मध्य लटपटीत' आहे. तोल सांभाळत उभे असलेले मधले वय मराठी कथेच्या शीर्षकात इतके उघडपणे आलेले आम्हाला दुसरीकडे आठवत नाही. गौरीबाईंच्या नायिका सुशिक्षित आहेत, त्यांची मुले मोठी होत आलेली आहेत, त्यांना पैशाची भ्रांत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न असा की, सर्वांना जपून झाल्यावर जी उरते ती कोण? या प्रश्नाला त्यांनी सेवेचे वस्त्र घातले नाही, म्हणून त्यांच्यावर आत्ममग्नतेचा आरोपही झाला. 'जपणे' हे क्रियापद स्वतःकडे वळवले की कोणता संशय येतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे नंतरचे पुस्तक, 'विंचुर्णीचे धडे'. फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी जाऊन राहिलेल्या, पन्नाशीतल्या बाईचे हे ललित लेखन. झाडे, जनावरे, पाणी, शेजारची माणसे यांच्याशी पडलेली गाठ त्यात आहे. शीर्षकातला 'धडे' हा शब्द मुद्दाम थांबून वाचण्याजोगा. धडे घेतो तो विद्यार्थी. आजीची सख्खी बहीण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत विद्यार्थिनी झाली, तेव्हा तिला त्याचे कारण द्यावे लागले. नात पन्नाशीत एका माळरानावरच्या गावाची विद्यार्थिनी झाली आणि तिने कारण दिले नाही. शिकण्यातली मौज हेच कारण. जगाविषयीचे आभार आणि स्वतःची देखभाल या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. झाडाला पाणी घालणारी बाई कोणाला जपते आहे, झाडाला की स्वतःला, हा प्रश्नच तिथे गैरलागू होतो.

चार लेखिकांचा हा क्रम इथे संपवला असता तर लेखाला गोड शेवट मिळाला असता. पण फलटणचे नाव आल्यावर तसे करता येत नाही. त्याच फलटणला बेबी कांबळे राहत होत्या. जन्म १९२९, 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली, वय सत्तावन्न. छोटेसे दुकान सांभाळत, घरच्यांच्या नजरेआड, वह्या लपवून त्यांनी हे लेखन केले होते आणि ते पुष्कळ वर्षे तसेच दडवून ठेवले होते. कर्वे घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला विरोध आला, बहिष्कार आला, पण लिहायला टेबल आणि वाचायला माणसे होती. महार समाजातल्या स्त्रीच्या वाट्याला भूक, राबणे आणि मारहाण आली. तिथे चाळिशी म्हणजे देह झिजून गेल्याची खूण. मधल्या वयाचा जो प्रदेश आम्ही इथवर रेखाटला तो जातीने आणि वर्गाने आखलेला होता, हे 'जिणं आमुचं' वाचल्यावर मान्य करावेच लागते.

आणि तरीही या पुस्तकात कृतज्ञता ओतप्रोत आहे. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी आहे, आणि ज्यांना तिचा विसर पडला त्या शिकलेल्या पिढीविषयी त्यात रोखठोक जाबही आहे. शीर्षकात पुन्हा 'आमुचं' हे सर्वनाम आलेले आहे. रमाबाईंचे 'आमच्या' दोघांचे होते, त्यात एकजण मोठा होता. बेबीताईंचे 'आमुचं' सगळ्या वस्तीचे आहे. स्वतःच्या संसारातले दुःख त्यांनी पुस्तकात फारसे येऊ दिले नाही, समाजाचे दुःख पुढे केले. स्वतःला जपण्याची त्यांची एकच जागा असावी, ती म्हणजे ती लपवलेली वही.

ही पुस्तके एकत्र ठेवल्यावर आम्हाला जे दिसते ते असे. कृतज्ञतेची सक्ती मराठी स्त्रीवर फार आधीपासून होती. स्वतःला जपण्याचा हक्क तिला तुकड्यातुकड्याने मिळवावा लागला: आधी केसांचा, मग शिक्षणाचा, मग गर्भाचा, मग नुसते चालण्याचा, नुसते राहण्याचा. आणि हा हक्क जसजसा हाती आला तसतशी कृतज्ञताही बदलली. जे आयुष्य जपण्याची मोकळीक नाही, त्याबद्दल आभार मानणे हे आज्ञापालन असते. जपण्याची मोकळीक आल्यावर तेच आभार स्वतःच्या आवाजात निघतात. आज बाजारात 'स्वतःसाठी वेळ द्या' असे सांगणाऱ्या वस्तूंची आणि शिबिरांची गर्दी आहे. चाळिशीतल्या बाईला तेलाची बाटली आणि आभारांची वही एकाच खोक्यात विकली जाते. त्याची टिंगल करणे सोपे आहे. मात्र ती टिंगल करताना बेचाळिसाव्या वर्षी हातात फणी घेणाऱ्या पार्वतीबाई आठवाव्यात. तेव्हा त्या फणीची किंमत पैशात नव्हती.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाने आमच्या शिकवण्यात एक छोटा बदल झाला. आता फळ्यावर पुस्तकाच्या सनाशेजारी आम्ही लेखिकेचे वयही लिहितो. विशीतल्या मुलांना तो आकडा प्रथम दूरचा वाटतो. मग कोणीतरी हळूच म्हणते की, माझ्या आईचे वय एवढेच आहे. एकदा एका मुलाने सांगितले की, घरी जाऊन त्याने आईला विचारले, तू सध्या काय शिकते आहेस? आईने उत्तर दिले नाही. ती बराच वेळ हसत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की, पोहायला शिकायचे राहून गेले आहे.

या लेखात आम्ही प्रथमपासून 'आम्ही' असे लिहीत आलो. समीक्षकाचे हे जुने सर्वनाम, त्यात वयही लपते आणि माणूसही. रमाबाईंच्या 'आमच्या'ला आम्ही वर जे विचारले, ते आम्हालाही लागू आहे. म्हणून निदान एवढे नोंदवून ठेवतो की, हे आम्ही चाळिशी लावून लिहिले आहे, अक्षर स्पष्ट दिसते आहे, आणि त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.